बंधनमोक्ष : माणसाचा आणि मुक्या जिवांचा

(विहाराच्या वर्धापनदिन सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दरवर्षी शिक्षण, व्यसनमुक्ती, अंधश्रद्धा अशा विषयांवर आपण बोलतो, ऐकतो. ते विषय जुने झालेले नाहीत. पण यंदा समितीने विषय आमच्यावर सोडला, म्हणून आम्ही 'बंधन' हा विषय घेतला. मघाशी एका आजोबांनी विचारलं, "म्हंजे जेलवर बोलणार का काय?" होय आजोबा, जेलवर बोलणार. पण पोपटावर, हत्तीवर आणि नागोबावरसुद्धा बोलणार.

सुरुवात आमच्याच घरापासून करतो.

आमच्या घरी पोपट होता. आठवडी बाजारातून आणलेला. तारेचा पिंजरा, खाली वर्तमानपत्राचा कागद, हिरवी मिरची, पेरूची फोड, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. खाण्यापिण्याची कधी आबाळ केली नाही. आईने त्याला 'जयभीम' म्हणायला शिकवलं होतं. आल्यागेल्या पाहुण्याला तो जयभीम घालायचा आणि पाहुणे खूश व्हायचे. मुक्तीचा शब्द तोंडात आणि स्वतः पिंजऱ्यात! बरीच वर्षं आम्हाला यात काही खटकलं नाही. एकदा पिंजऱ्याचं दार चुकून उघडं राहिलं. पोपट दाराशी आला, तिथं जरा वेळ बसला आणि मागे वळून पुन्हा दांडीवर जाऊन बसला. आम्ही सगळे हसलो. म्हणालो, "बघा, त्यालाच घर सोडवत नाही." त्या वाक्याकडे आपण पुन्हा येणार आहोत, ते लक्षात ठेवा.

आता एक गोष्ट आधीच बोलून टाकू. आपल्या समाजात जनावरांच्या दयेचा विषय काढला की वडीलधारी माणसं नाराज होतात. म्हणतात, "आधी माणसाचं बघा." हा राग खोटा नाही. महाडच्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्या माणसाला बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करून ते पाणी प्यावं लागलं. ज्या समाजाने मुंगीला साखर घातली, त्याच समाजाने आपल्या बापजाद्यांना माणूस मानलं नाही. तेव्हा भूतदयेचं नाव काढलं की आपल्या मनात कळ उठणारच.

ही कळ आपल्या जिल्ह्यातलीच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भिवाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात घातलं गेलं. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. ज्या छत्रपती प्रतापसिंहांचं नाव शाळेला आहे, त्यांना इंग्रजांनी १८३९ साली गादीवरून उतरवून काशीला नेऊन ठेवलं आणि तिथेच १८४७ साली त्यांचं निधन झालं. राजालाही कैद चुकली नाही. पण त्यापेक्षा विलक्षण कैद त्या शाळेतल्या त्या पोराच्या वाट्याला आली.

साल १९०१. वडील रामजीबाबा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. भिवा, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं त्यांना भेटायला निघाली. चांगले कपडे, डोक्यावर टोप्या. मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाडं देऊनही न्यायला तयार होईनात. शेवटी एक जण तयार झाला, तो या अटीवर की, गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बरोबर पायी चालणार. रात्र झाली. डबा जवळ होता, पण पाणी नव्हतं. टोलनाक्यावर पाणी मागितलं, मिळालं नाही. मुलं तशीच उपाशी झोपली. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

त्या गाडीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. बैलांना वेसण होती, मानेवर जू होतं. मुलांच्या हातापायांत काहीच नव्हतं. उलट कासरा त्यांच्या हातात होता. पण सबंध रस्ताभर एक घोट पाणी मिळवण्याचं स्वातंत्र्य त्यांना नव्हतं. चार भिंती, गज, कुलूप यांतलं काहीही नसलेली ही कैद. तेव्हा 'कैद म्हणजे तुरुंग' हा अर्थ अपुरा आहे, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. आपल्याला वारसा म्हणूनच ते ज्ञान मिळालेलं आहे.

मग खरा प्रश्न असा : ज्यांना हे ज्ञान मिळालं, त्यांनी त्याचं काय करायचं? 'आमचं कोणी पाहिलं नाही, आम्हीही कोणाचं पाहणार नाही' असं म्हणायचं, की जिथे जिथे तीच कैद दिसेल तिथे ती ओळखायची?

ओळखायची कशी, तेही सांगतो. बांधणारा माणूस नेहमी तीन सबबी सांगतो. पहिली : "आम्ही त्याला खायला घालतो." दुसरी : "त्याला सवय आहे, त्याला त्यातच बरं वाटतं." तिसरी : "ही परंपरा आहे, पूर्वापार चालत आलंय." ह्या तीन सबबी मनात ठेवून आपल्या सातारा-सांगलीत एक फेरी मारू. हे दोन जिल्हे तसे एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं.

पहिल्यांदा औंधला चला. औंधच्या राजघराण्याकडे गजराज नावाचा हत्ती होता. पन्नासपेक्षा जास्त वर्षं तो औंधात राहिला. यमाईच्या यात्रेत लोक त्याच्या पाया पडत, लहान मुलं त्याच्यापुढे मोठी झाली. म्हातारपणी त्याचे पाय आणि नखं दुखावली होती, अंगावर जखमा होत्या. जून २०१७ मध्ये त्याला उपचारासाठी मथुरेजवळच्या हत्ती केंद्रात नेलं, तेव्हा औंधकर अक्षरशः रडले. ते रडणं खोटं होतं असं आम्ही म्हणणार नाही. गावाचं त्याच्यावर प्रेम होतंच. पण प्रेमही होतं आणि साखळदंडही होता. आपण ज्याच्यावर प्रेम करतो त्याला आपण बांधत नाही, असा आपला समज असतो. औंधचा हत्ती सांगतो की तो समज चुकीचा आहे.

तिथून बत्तीस शिराळ्याला या. नागपंचमीच्या आधी रानातून नाग पकडायचे, मडक्यात घालून घरात ठेवायचे, पंचमीला पूजा करून मिरवायचे आणि मग रानात सोडून द्यायचे, अशी तिथली रीत होती. पकडणाऱ्यांच्या मनात नागाविषयी भक्तीच होती. पण नाग दूध पीत नाही, त्याला ढोल-ताशांची गंमत नाही, आणि मडक्यातला अंधार त्याला देव्हारा वाटत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, तो शिराळ्यात पाळला जायला उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले, आणि जिवंत नागांची मिरवणूक थांबली. लोक प्रतिमेची पूजा करू लागले. २०२५ साली प्रबोधनापुरती मर्यादित परवानगी काही जणांना मिळाली, तो वाद अजून गावात आहे. शिराळकरांना नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाही. देव मानलेल्या जिवालाही माणूस कोंडतो, एवढंच त्यातून घ्यायचं.

आता हीच तीन वाक्यं माणसाला लावून बघा. महारकीच्या वतनात काय वेगळं होतं? "बलुतं देतो, भाकरी देतो, पूर्वापार चालत आलंय, त्यांना त्यातच समाधान आहे." बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेव्हा आपल्यातल्याच काही जणांना वाटलं की हक्काची भाकरी जाते की काय. पोपट दारापर्यंत येऊन मागे फिरला होता ना, तसंच झालं. अखेर १९५८ च्या कायद्याने ही वतनं गेली. ज्या वतनाचा आपल्या आज्याला अभिमान वाटायचा, ती बेडी होती हे नातवाला कळलं.

ती बेडी संपली म्हणून सगळ्या संपल्या असं नाही. जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी भागांतून आणि मराठवाड्यातून ऊसतोडीची जोडपी कृष्णाकाठच्या फडांवर येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. बाई बाळंत झाली तरी, पोरगं तापाने फणफणलं तरी कोयता थांबत नाही. त्याच फडातून उसाच्या गाड्या ओढणारे बैलही चालतात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद आहे. कायदा पुस्तकात आहे, उचल खिशात आहे. आपल्या नात्यागोत्यातली किती माणसं त्या फडात आहेत, ते आपणच मोजा.

हे झालं भिंत नसलेल्या कैदेचं. आता भिंत नसलेल्या तुरुंगाचं सांगतो, कारण तोही आपल्याच भागात आहे.

सांगलीच्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार गोळीबार अंगावर घेत निसटले, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. पण त्याच्या चार वर्षं आधी, १९३९ साली, औंध संस्थानने आटपाडीजवळ असा एक तुरुंग काढला की ज्यातून पळून जायला भिंतीच नव्हत्या. त्याचं नावच स्वतंत्रपूर. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडहून आलेले इंजिनिअर, म्हणजे भारतानंद, यांनी हा प्रयोग केला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथे आणली. त्यांना जमीन दिली, काम दिलं, बायकापोरांसह राहू दिलं. कुलपाच्या जागी विश्वास ठेवला. ही वसाहत आजही चालू आहे. व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढलेला 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्याची पटकथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्याच माडगूळचे.

बघा, एकाच औंधची दोन रूपं. माणसाला विश्वासाने सोडणारंही औंध आणि हत्तीला साखळीने बांधणारंही औंध. तेव्हा कोणाला सर्वस्वी वाईट किंवा सर्वस्वी चांगलं म्हणण्यात अर्थ नाही. विचारायचं ते एवढंच की, किल्ली कोणाकडे आहे आणि बांधून ठेवल्याचा फायदा कोणाला होतो. बांधलेल्याला होतो, की बांधणाऱ्याला?

आता आपल्या धम्माकडे येऊ. तथागतांनी उपासकाला पाच व्यापार निषिद्ध सांगितले. त्यात शस्त्रांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा व्यापार आहे, आणि 'सत्तवणिज्जा' हाही आहे. सत्त म्हणजे सत्त्व, जीव. अट्ठकथेत याचा अर्थ माणसांची विक्री असा सांगितला आहे. पण मूळ शब्द बघा. माणूस आणि जनावर असा भेद त्या शब्दात नाही. जीव विकू नये, एवढंच.

दोनशे वर्षांनी सम्राट अशोकाने ते राज्यकारभारात आणलं. त्यांच्या स्तंभांवरचा पाचवा लेख प्रत्येकाने एकदा समजून घ्यावा. त्यात कोणत्या प्राण्यांना मारू नये याची यादी आहे, आणि यादीच्या सुरुवातीलाच कोण आहे? शुक आणि सारिका. म्हणजे आपला पोपट आणि साळुंकी! ठरावीक दिवशी घोड्याबैलांना डागू नये, असंही त्यात आहे. आणि त्याच लेखाच्या शेवटी सम्राट सांगतात की, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं होईपर्यंत त्यांनी पंचवीस वेळा कैदी मुक्त केले. लेखातला शब्द आहे बंधनमोक्ष. पोपट आणि कैदी एकाच शिलेवर! 'आधी माणसाचं बघा की जनावराचं' या भांडणाचं उत्तर बावीसशे वर्षांपूर्वीच कोरून ठेवलेलं आहे. करुणा वाटून घेतली म्हणून कमी पडत नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. महाडचं पाणी ज्यांना नाकारलं गेलं, त्यांनीच ती दिली, हे विसरू नका.

आता शेवटचं आणि अवघड बोलतो. ह्यात आपलीच चूक आहे, म्हणून अवघड.

आपल्या वस्तीतला एक मुलगा मारामारीच्या केसमध्ये आत गेला. नाव सांगत नाही. जामिनाला पैसे नव्हते, वकील नव्हता. अडीच वर्षं कच्चा कैदी म्हणून राहिला आणि निर्दोष सुटला. सुटून आला तेव्हा आपण काय केलं? त्याच्या आईच्या दारात जाणं कमी केलं. आपल्या पोरांना सांगितलं, त्याच्यात उठबस करू नका. काम मागायला गेला तर 'बघू' म्हणालो. आम्हीही त्यात होतो. विहारात तो एकदा आला, मागच्या भिंतीला टेकून बसला, वंदना संपायच्या आत निघून गेला. नंतर आला नाही. त्याची आई सांगत होती, घरातून बाहेर पडतानासुद्धा तो आधी विचारतो, "जाऊ का?" तेव्हा आम्हाला आमचा पोपट आठवला. दार उघडं असताना तो का मागे फिरला, ते त्या दिवशी कळलं. त्याला पिंजरा आवडत होता असं नाही. त्याचे पंख गेले होते, आणि बाहेर त्याचं कोणी नव्हतं.

अंगुलिमाल भिक्खू झाला, तेव्हाही लोकांनी त्याला ढेकळं मारली. डोकं फुटलं, चीवर फाटलं. पण तथागतांनी त्याला संघाबाहेर काढलं नाही. आपला मुलगा तर निर्दोष होता! न्यायालयाने त्याला सोडलं, आपण सोडलं नाही.

आणि तो एकटा नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे. त्यांत आपल्यासारख्या गरीब समाजाची माणसं भरपूर. तुरुंगातही जात सुटत नव्हती. झाडलोट कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी करायचा, हे कित्येक ठिकाणी जातीवरून ठरत होतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतला हा जातिभेद घटनाबाह्य ठरवला. घटना कोणाची, ते सांगायला नको.

म्हणून वर्धापनदिनानिमित्त आम्ही चार गोष्टी मागतो. फुलांचे हार नकोत, ह्या चार गोष्टी द्या.

पहिली. ज्यांच्या घरी देशी पोपट पिंजऱ्यात असेल, त्यांनी तो ठेवू नये. कायद्यानेही तो गुन्हा आहे. मात्र उत्साहाच्या भरात गच्चीवर जाऊन त्याला उडवून देऊ नका. अनेक वर्षं कोंडलेला पक्षी उडू शकत नाही, कावळे आणि मांजरं त्याला मारतात. वन विभागाला कळवा, १९२६ हा त्यांचा क्रमांक आहे. आणि बाजारातून नवा आणू नका. आपण घेतो म्हणून तो पकडला जातो.

दुसरी. ज्यांच्याकडे बैल, शेळ्या, कोंबड्या आहेत त्यांच्यावर आमचा आक्षेप नाही, पोट त्यावर आहे. पण दावणीला सावली असावी, पाणी असावं, गाडीवर ओझं बेताचं असावं, शर्यतीच्या बैलाला मारझोड नसावी.

तिसरी. वस्तीतलं कोणी आत असेल तर लपवू नका, विहार समितीला सांगा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कोणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि एकाहून जास्त केसेस असतील तर अडचण येते. पण ज्यांना लागू आहे त्यांना ती माहीत तरी असावी. आपल्यात शिकलेली मुलं-मुली आहेत. त्यांनी आठवड्यातून एक तास विहारात बसून कागद वाचून द्यावेत.

चौथी. जो सुटून येईल त्याला विहारात पुढच्या रांगेत बसवा. आपण होऊन त्याच्या घरी जा, चहा घ्या. हाताला काम द्या. आटपाडीला एका राजाने अनोळखी गुन्हेगारांवर विश्वास टाकला. आपल्याच वस्तीत वाढलेल्या पोरावर आपल्याला टाकता येऊ नये?

तथागतांनी सांगितलं आहे की, लोखंडाच्या, लाकडाच्या, दोरीच्या बंधनापेक्षा तृष्णेचं बंधन अधिक घट्ट असतं. त्याला जोडून आम्ही एवढंच म्हणू की, दुसऱ्याला धरून ठेवण्याची हौस हीसुद्धा तृष्णाच आहे. ज्याच्या हातात किल्ली असते, तोही त्या दाराशी बांधलेला असतो.

आमचा पोपट आता नाही. पिंजरा माळ्यावर पडून होता, तो गेल्या महिन्यात भंगारात दिला. तो मुलगा मात्र आहे. आज तो इथे आलेला नाही. सभा संपली की आम्ही त्याच्या घरी जाणार आहोत. कोणाला बरोबर यायचं असेल त्यांनी दारात थांबावं.

जयभीम! नमो बुद्धाय!